क्यू बेचाळीस पॉइंट पाच

हे लिहू की नको, यात चार महिने गेले. लिहिलं की लोक दोनच गोष्टी म्हणणार – एक तर मी खोटं बोलतेय, नाहीतर थकलेली होते. थकलेली होते, हे मान्य. बाकी तुम्ही ठरवा.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला. बाबा कारखान्यात फिटर होते. घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि अंगारा, उतारा, बाहेरचं-बिहेरचं असले शब्द कुणी काढले तर बाबा शांतपणे म्हणायचे, "आधी डॉक्टरकडे जाऊन या, मग बोलू." मी त्याच वातावरणात वाढले. आणि माझं कामही असं, की त्यात भुताखेतांना जागाच नाही. मी स्टेज शोचं लाइट प्रोग्रामिंग करते. म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा किती टक्के लागणार, किती सेकंदांत चढणार, किती सेकंदांत उतरणार, हे सगळं आधी कन्सोल नावाच्या लाइटच्या यंत्रात भरून ठेवायचं. अशा प्रत्येक बदलाला 'क्यू' म्हणतात. क्यूंना नंबर असतात. शो सुरू झाला की मी फक्त 'गो'चं बटन दाबते, एकामागून एक. मागच्या एलईडी वॉलवरचा व्हिडिओही त्याच बटनाला जोडलेला असतो. कन्सोल स्वतःच्या मनाने काही करत नाही. तुम्ही भरलं तेवढंच तो करतो. चूक झाली तर ती तुमची... अकरा वर्षांत याला अपवाद पाहिला नव्हता.

हे काम मला शिकवलं यशवंत काकांनी. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काका बाबांबरोबर त्याच कारखान्यात होते. शिफ्ट सुटली की नाटकाचे लाइट. कामगारांच्या नाट्यस्पर्धा, जयंतीचे कार्यक्रम, शाळांची गॅदरिंग... उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुठेही स्टेज बांधलं की लाइटला यशवंत काका. सुरुवातीला त्यांच्याकडे विकतचा डिमरसुद्धा नव्हता. चिनी मातीच्या पाइपांत मिठाचं पाणी भरून त्यात तांब्याच्या पट्ट्या वर-खाली करायचे, तसा दिवा कमी-जास्त व्हायचा. मी लहान असताना ते पाहिलंय. एका हातात दोऱ्या, नजर स्टेजवर, आणि उजेड असा चढायचा की कधी सुरू झाला ते कळायचंच नाही. आज माझ्याकडे लाखभर रंग आहेत, पण तसला चढता उजेड मला अजून जमलेला नाही, हे मी कुणाहीसमोर कबूल करते.

मुलींनी या लाइनमध्ये यायचं नसतं, असं सगळेच म्हणत होते. काका म्हणाले, "हिला उजेड दिसतो. बाकीच्यांना फक्त दिवे दिसतात." बस, एवढ्यावर बाबांनी परवानगी दिली.

त्यांची एक सवय होती. शोच्या आधी, सगळं लागून झालं की, ते चपला काढायचे, दिवे घालवायला सांगायचे आणि अंधारात पूर्ण स्टेज चालून यायचे. जिथून नट येणार, जिथून जाणार, सगळीकडून. मी विचारलं तर म्हणाले, "अंधार करणं सोपं आहे गं. त्या अंधारात कुणाचा पाय कुठे पडतोय, ते माहीत पाहिजे. नाहीतर आपण लाइटवाले कसले, बटनवाले."

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बदलापूरला मुलीच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट घेतला होता, तिथेच ते आणि विमल काकू. बोलणं हळूहळू परत आलं, तुटक तुटक. पाय थोडा उचलायला लागले. उजवा हात मात्र तसाच. मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा. रोज पाच वाजता फिजिओथेरपीवाला यायचा आणि तो हात हलवून जायचा.

तर आता तो दिवस.

बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरच्या अकरा बायका. भातलावणीची गाणी म्हणणाऱ्या. अंबरनाथच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मेघना ताईंनी दोन वर्षं त्यांच्यात बसून, त्यांची गाणी घेऊन एक कार्यक्रम बांधला होता. पुढे बायका गाणार, मागे मोठ्या एलईडी वॉलवर त्यांचीच शेतं, त्यांचेच हात, चिखल, रोपं. पहिला प्रयोग उल्हासनगर कॅम्प दोनला, बाजाराच्या मागे एक जुना हॉल आहे तिथे. दुपारी चारचा. बायकांना दिवसाउजेडी घरी पोचायचं होतं, म्हणून ती वेळ.

एलईडी वॉल आणि व्हिडिओचा लॅपटॉप विकीकडे. विकी सिंधी, कॅम्प दोनचाच, माझ्याच वयाचा. काम चोख, तोंड अखंड सुरू. बायकांसाठी वॉलच्या पुढे चार फूट उंचीचा प्लॅटफॉर्म होता, आणि खाली उतरायला डाव्या बाजूला लाकडी पायऱ्या.

क्यू बेचाळीस हा या सगळ्यातला सर्वात अवघड. गाणं संपतं, दोन सेकंदांत सगळे दिवे जातात. व्हिडिओ सुरू होतो, पण चित्र नाही – वीस सेकंद काळोख आणि फक्त पाण्याचा आवाज. त्या वीस सेकंदांत बायका एकामागोमाग उतरून जातात आणि मग वॉलवर रिकामं शेत उजाडतं. मेघना ताईंना तो काळोख पूर्ण हवा होता. "एक दिवासुद्धा नको, स्नेहल. लोकांना फक्त पाणी ऐकू आलं पाहिजे." मी पायऱ्यांच्या कडेला रेडियमची पट्टी लावली. तालमीत सगळं नीट झालं. बायकांमध्ये सर्वात वयस्कर चांगुणा आजी, सत्तरीच्या पुढच्या. त्या सर्वांत आधी उतरायच्या, बाकीच्या मागून.

एक वाजता तालीम संपली. मी फाइल सेव्ह केली, कन्सोलमध्ये आणि पेनड्राइव्हवर. अठ्ठावन्न क्यू. कन्सोलला लॉक लावला, जेवून आले, अडीचपासून पुन्हा जागेवर. तिथून शो संपेपर्यंत मी उठले नाही. हे मुद्दाम सांगतेय.

साडेतीनला वॉलचा डावीकडचा एक पट्टा लुकलुकायला लागला. विकीला मागे शिरायला जागा हवी होती. त्याने पायऱ्या उचलून उजवीकडे लावल्या आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "दीदी, सीढी राइट में डाल दी. अभी उधर ही रहेगी, इधर केबल आ गया."

मी म्हटलं, "ठीक है."

आणि मेघना ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सांगते सगळ्यांना. त्यांनी सांगितलंही, ग्रीन रूममध्ये. पण त्या वेळी चांगुणा आजी तिथे नव्हत्या. त्या बाहेर ओट्यावर चहा घेत बसल्या होत्या.

आणि रेडियमची पट्टी डावीकडेच राहिली. ती काढून उजवीकडे लावायचं काम माझं होतं. काका असते तर चपला काढून उठले असते. मी उठले नाही. लोक आत यायला लागले होते, मी कन्सोलसमोर बसून लेव्हल तपासत होते... जे आधीच तीनदा तपासलं होतं तेच.

चार दहाला पडदा उघडला. काय गायल्या त्या बायका! माइकची सवय नाही, स्टेज कधी पाहिलेलं नाही, आणि हॉलमध्ये बाजारातून आलेले दुकानदार, कॉलेजची मुलं, सगळे गप्प. माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस रुमाल काढून बसला होता.

क्यू एक्केचाळीस. गाणं संपलं. मी गो दाबला. बेचाळीस.

अंधार झाला. पाण्याचा आवाज सुरू झाला. इतका वेळ मागच्या वॉलचा झगझगीत उजेड अंगावर घेतलेल्या माणसाला अशा वेळी काहीच दिसत नाही, समोर रेडियमची पट्टी असेल तर तीच फक्त दिसते. आणि त्याच सेकंदाला मला आठवलं की पट्टी डावीकडे आहे.

डावीकडे प्लॅटफॉर्मखाली आता पायऱ्या नव्हत्या. तिथे वॉलचा लोखंडी पाया होता आणि त्यावर ठेवलेली वजनं. मला कुठला तरी दिवा लावायचा होता आणि माझे हात हलेनात. अकरा वर्षांचा अनुभव, आणि बोटं नुसती कन्सोलवर पडलेली.

तेवढ्यात उजेड आला.

डाव्या विंगेत, खाली जमिनीलगत, हॉलचा एक जुना हॅलोजन होता. चॅनल चोवीस. मी तो जोडून ठेवला होता, पण एकाही क्यूमध्ये वापरला नव्हता, कारण त्याचा पिवळा रंग माझ्या एलईडींशी जुळत नव्हता. तो लागत होता. झटकन नाही... आधी कडेची फक्त एक रेघ दिसली, मग फळीचा कोपरा, मग त्या कोपऱ्यावर एक पाऊल. चांगुणा आजींचं. दुसरं पाऊल उचललेलं होतं.

त्या थांबल्या. खाली पाहिलं. मग जराही न गडबडता पाय मागे घेतला, वळल्या आणि बाकीच्या बायका ज्या बाजूला उतरत होत्या तिकडे चालत गेल्या. त्यांच्या पाठीमागे तो पिवळा उजेड तसाच राहिला, आणि वॉलवर शेत उजाडलं तसा त्यात विरून गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच बसवलंय – म्हातारी बाई बांधावर थांबते, वळते, निघून जाते.

मी स्क्रीनकडे पाहिलं. बेचाळीसच्या खाली एक ओळ होती. ४२.५. माझ्या प्रत्येक क्यूला मी नाव देते, याला नाव नव्हतं. चॅनल चोवीस, तीस टक्के, चढायला पाच सेकंद. आणि तो बेचाळीसच्या मागोमाग आपोआप जाईल असा लावलेला होता, म्हणून मला काही दाबावं लागलं नव्हतं.

उरलेला शो मी कसा चालवला, माहीत नाही. सोळा क्यू राहिले होते. चालवले.

नंतर मेघना ताई आल्या, डोळे लाल, मला मिठी मारली. "मी नको म्हटलं होतं, तरी तू तो एक दिवा ठेवलास. बरं केलंस. तेच सगळ्यात सुंदर झालं." त्यांना खरं काय झालं हे पंधरा दिवसांनी सांगितलं.

चांगुणा आजींना मी जाऊन विचारलं, घाबरलात का. त्या पिशवी भरत होत्या. म्हणाल्या, "मना तो हिरवा पट्टा दिसला, तं तिकडंच निघाले. मंग उजेड आला हळूच... तवा पायला, खाली काय नाय. तूच दावलास ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही.

विकीला विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघून पहिल्यांदाच गंभीर झाला. "दीदी, कसम से, मैंने तेरे कन्सोल को हाथ भी नहीं लगाया. और लॉक का कोड मेरे को किधर मालूम है?" खरं होतं. शिवाय पायऱ्या हलल्या साडेतीनला. म्हणजे तिथे दिवा लागेल हे साडेतीनच्या आधी कुणालाच सुचणं शक्य नव्हतं, आणि साडेतीननंतर कन्सोलसमोर फक्त मी होते. पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये अठ्ठावन्न क्यू. कन्सोलमध्ये एकोणसाठ.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील – तूच भरला असशील, बेसावधपणे. माझा नवराही हेच म्हणाला. पायऱ्या हलवल्याचं कानावर पडलं होतं, आतून काळजी होती, सवयीने बोटं चालली. मी ते खरंच मान्य करायला तयार होते. मला तर ते हवंच होतं! त्या रात्री शांत झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापूरला काकांकडे गेले. काकांना सगळं सांगायचं होतं – विशेष करून माझी चूक. ती त्यांना सांगितल्याशिवाय मला पुढचं काम करता आलं नसतं.

दार विमल काकूंनी उघडलं. मी चपला काढतेय तोवरच त्या बोलायला लागल्या. "बरं झालं आलीस. काल काय झालं माहितीये? यांचा हात हलला."

"कुठला?"

"उजवा. अगं, हे दुपारचे झोपले होते. मी इथे बसून मटार सोलत होते. बघते तर हात मांडीवरून वर चाललाय. असा..." काकूंनी स्वतःचा हात करून दाखवला. तळवा खाली, बोटं जराशी वाकलेली, आणि हात सावकाश पुढे, वरच्या दिशेने सरकत गेला. डिमरचा दांडा ढकलतात तसा. काकूंनी आयुष्यात डिमरला हात लावलेला नाही. पण चाळीस वर्षं नवऱ्याला ते करताना पाहिलंय. "वर गेला आणि तिथेच थांबला. थोडा वेळ. मग खाली आला. झोपेतच काही तरी पुटपुटले. 'थांब, थांब' असं. मला तर रडूच आलं. लगेच पोरीला फोन केला."

"किती वाजता?"

"पाचला फिजिओवाला येतो ना, त्याच्या थोडं आधी."

मी त्यांचा मोबाइल मागून घेतला. मुलीला केलेला फोन – चार चोपन्न.

विकीला तिथूनच मेसेज केला. त्याच्या लॅपटॉपवर कुठली क्लिप कधी सुरू झाली याची नोंद राहते. पाच मिनिटांत उत्तर आलं. पाण्याच्या आवाजाची क्लिप, चार बावन्न.

दोन्ही वेळा मी पुन्हा ताडून पाहिल्या. काकू विचारत होत्या, काय झालं, पाणी देऊ का. कॅम्प दोनचा तो हॉल काकांनी मागच्या पंधरा वर्षांत पाहिलेला नाही. प्रयोग आहे हे त्यांना माहीत होतं, पण पायऱ्या, पट्टी, आजी – यातलं काहीही माहीत असायचं कारण नव्हतं.

आत गेले. काका खिडकीपाशी खुर्चीत होते. हात मांडीवर, नेहमीसारखा. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी उठले नाही, पट्टी काढली नाही, अंधारात स्टेज चालून पाहिलं नाही. मग चोवीस नंबरचा दिवा. मग काकूंनी सांगितलेलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला काही आठवतंय? स्वप्न वगैरे?"

त्यांनी मान हलवली. "नाही. झोपलो... होतो."

"मग हा हात?"

त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचाच आहे. "ती... बाई... बरी आहे?"

"अगदी बरी आहे."

"नाव?"

"चांगुणा आजी."

त्यांनी ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं. मला वाटलं आता रागावतील. आयुष्यात एकदाच माझ्यावर रागावलेत, वायरच्या एका उघड्या टोकावरून, ते अजून लक्षात आहे. पण ते रागावले नाहीत. डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. मग विचारलं, "किती... ठेवला होता?"

"तीस टक्के."

त्यांनी डोळे मिटले. मला कळत होतं ते काय करतायत – तो हॉल, ती फळी, तो पिवळा दिवा मनात लावून बघतायत. चांगला मिनिटभर.

"जास्त," ते म्हणाले. "पंचवीस... पुरले असते."

त्यानंतर काकांचा हात तसा कधी वर आला नाही. आता दोन बोटं थोडी हलतात, फिजिओवाला म्हणतो हळूहळू येईल. कन्सोल मी कंपनीकडे तपासायला पाठवला होता. काहीही बिघाड नाही. आमच्या लाइनमधल्या जाणत्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं फाइल करप्ट होते कधी कधी. होते, पण करप्ट फाइल बाईचा पाय वाचवत नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे माझ्या डोक्यात बसत नाही. पण यशवंताचं काम तसलंच होतं." बाबांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे खूप झालं.

भूत-पिशाच्च मी आजही मानत नाही, आणि काकांना बाबा-बुवा करून बसवणाऱ्यांपैकीही मी नाही. ते स्वतःच हसतील. मला एवढंच म्हणता येतं की माणूस एखादं काम आयुष्यभर इतकं मन लावून करतो, तेव्हा त्या कामाची हद्द कुठे संपते हे आपल्याला माहीत नाही. निदान मला तरी नाही.

पुढच्या महिन्यात बदलापूरला दुसरा प्रयोग झाला. मी आधी चपला काढून, दिवे घालवून, स्टेज चालून आले. मेघना ताईंच्या सांगण्यावरून तो क्यू आता कार्यक्रमाचाच भाग आहे. चांगुणा आजी मुद्दाम कडेपाशी थांबतात, खाली बघतात आणि वळतात. तालमीत मी एकदा तीस टक्क्यांवर लावून पाहिला. मग पंचवीसवर आणला आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

काकांचं बरोबर होतं. तीसला दिवा दिसत होता. पंचवीसला फक्त आजी दिसत होत्या.